212 जीबीचा बॅकअप म्हणून हातात ठेवले नुसते शॉर्टकट

दुकानदाराने जुन्या विंडोज पीसीतला डेटा काढून द्यायचे 4,500 रुपये घेतले. 1 टीबीची डिस्क 5,200. जुना पीसी एक्स्चेंजमध्ये घेतला म्हणून 1,500 वजा. नंतर अजून 2,000 उकळले. एकूण 10,200 रुपये गेले आणि पदरात पडले 14,000 शॉर्टकट, म्हणजे मूळ फाइलकडे नेणारे नुसते दुवे.

दुकानात सगळं व्यवस्थित उघडत होतं. लग्नाचा व्हिडिओही लावून दाखवला. चालणारच! जुनी हार्डडिस्क त्याच मशीनला जोडलेली होती आणि नव्या डिस्कवरची प्रत्येक '.एलएनके' (शॉर्टकटची) फाइल तिच्याकडे बोट दाखवत होती. घरी मॅकला लावली, तर एकही उघडेना.

कुठे कळायला हवं होतं? वेळेवरून. सेकंदाला 100 एमबीचा वेग धरला तरी 212 जीबीला 35 मिनिटं लागतात. इथे चहा संपायच्या आत 'झालं, घेऊन जा'. आणि प्रॉपर्टीजमध्ये. साइझ जेमतेम 28 एमबी, 'साइझ ऑन डिस्क' मात्र 1.7 जीबी, कारण एक्सफॅटवर (डिस्कचं फॉरमॅट) दोन केबीची फाइलही 128 केबीची जागा अडवते. पण हे कोण बघतं? शॉर्टकटच्या आयकॉनवरचा बाण रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमधून) काढता येतो, आणि एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू असली तरी विंडोज '.एलएनके' लपवतंच. भलेभले फसतील.

जाब विचारला तर दुकानदार म्हणे, "या सिम्बॉलिक लिंक आहेत, मॅकला कळत नाहीत, कन्व्हर्ट करावं लागेल." त्याचेच ते 2,000. शुद्ध थाप! विंडोजमध्ये 'एमकेलिंक' कमांडने सिमलिंक (सिम्बॉलिक लिंक) करायला एनटीएफएससारखं फॉरमॅट लागतं, एक्सफॅटवर ती होतच नाही. आणि '.एलएनके' कन्व्हर्ट करून आतून फोटो कसा निघेल? आत फोटो नसतोच.

पैसे देण्याआधी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून बघा. जुनी हार्डडिस्क महिनाभर तरी हातची सोडू नका.

चौकीत विचारलं, "फाइली दिसतायत ना? मग चोरीला काय गेलं?" सायबरवाले म्हणाले, व्यवहार ऑनलाइन नाही, आमच्याकडे येत नाही. परत चौकी. आता म्हणे दिवाणी मामला, वकील गाठा. पक्कं बिल कुठंय? दुकानदाराने दिलं असतं तर आणलं नसतं का? अर्जावर पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. शॉर्टकट म्हणजे काय हे प्रत्येक टेबलावर पहिल्यापासून समजवा, आणि शेवटी ऐका, "अँटिव्हायरस मारून बघा."

खरं तर पुरावा त्याच फाइलींत आहे. '.एलएनके'मध्ये मूळ फाइलचा मार्ग, आकार, तारखा, ड्राइव्हचा व्हॉल्यूम सिरीयल नंबर आणि बऱ्याचदा त्या मशीनचं नावही असतं. म्हणून रागाच्या भरात ते शॉर्टकट उडवू नका, डिस्कवर नवं काही टाकू नका. प्रॉपर्टीजमधल्या 'टार्गेट'चा स्क्रीनशॉट घ्या.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. कॉपी करणारी 'आरसिंक -ए' कमांड सिमलिंक जशीच्या तशी उचलते, मूळ फाइल नाही. सोबत कॅपिटल 'एल' द्या. कुणी आयती डिस्क दिली तर फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस -एल' कमांड चालवा. ओळीच्या सुरुवातीला 'एल' आणि पुढे बाण दिसला तर ती फाइल नाही, पत्ता आहे.

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचा 'डेटा रेडी आहे' हा मेसेज जोडा.