नायट्रो ट्रकची सफाई: पाण्याने की स्पिरिटने?

नायट्रो ट्रक, म्हणजे नायट्रो इंधनावर चालणारा रिमोटचा छोटा ट्रक, घेतला की सुरुवातीच्या टाक्या संपेपर्यंत सगळं लक्ष इंजिनच्या ब्रेक-इनकडे, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवण्याकडे असतं. खरा वेळ सफाईत जातो, हे नंतर कळतं. इंधनातलं तेल पूर्ण जळत नाही. ते एक्झॉस्टच्या पाइपमधून बाहेर उडतं, चॅसीच्या मागच्या भागावर बसतं आणि त्यावर मैदानाची धूळ चढून काळपट, चिकट थर जमतो. नुसता कोरडा ब्रश फिरवून तो निघत नाही. मग दोन रस्ते उरतात. डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्राव) मारून ट्रक सरळ पाण्याने धुवायचा, नाहीतर पाण्याला हात न लावता स्पिरिट, ब्रश आणि हवा यांवर भागवायचं. दोन्ही पद्धती मी भरपूर वापरल्या आहेत. ट्रक टी-मॅक्स ३.३ आहे, म्हणून उदाहरणं त्याचीच देतो. रेवो किंवा सॅव्हेज अशी दुसरी मॉडेलं असतील तरी मुद्दे फारसे बदलणार नाहीत.

आधी पाण्याबद्दल, कारण त्याचं पारडं सुरुवातीला खरंच जड वाटतं. टी-मॅक्सला आठ शॉक आहेत. त्यांच्या स्प्रिंगांमध्ये, चाकांना धरणाऱ्या आर्म्सच्या आतल्या कोपऱ्यांत आणि तळाच्या स्किड प्लेटच्या वरच्या बाजूला जो चिखल बसतो, तो ब्रशने काढायला जीव मेटाकुटीला येतो. डिग्रीझर मारा, पाच मिनिटं थांबा, पाण्याची हलकी धार सोडा, की सगळं खाली गळून पडतं. काळ्या मातीत ट्रक फिरवला असेल तर मीही पाण्याच्याच बाजूने बोलेन. ती माती वाळली की आर्मला अशी धरून बसते की स्पिरिट तिच्यात नुसतं जिरून जातं.

तयारी मात्र हवी. इंजिन पूर्ण गार, टाकी रिकामी, कार्ब्युरेटरचं तोंड आणि पाइपचं टोक घट्ट बंद. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरचा डबा आणि स्टिअरिंग-थ्रॉटल हलवणारे सर्व्हो यांच्यावर थेट धार नको. डिग्रीझर अॅल्युमिनियमवर फार वेळ ठेवू नका, इंजिनच्या हेडची चकाकी जाते. बोअरचं पाणी असेल तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचा हात साध्या पिण्याच्या पाण्याचा मारावा.

इथवर पाण्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती क्लच बेलच्या बेअरिंगबद्दल, आणि माझा निर्णय तिथेच झाला. क्लच बेल म्हणजे इंजिनच्या टोकावरची दातेरी वाटी. इंजिनचा वेग वाढला की आतले क्लच शूज तिला पकडतात आणि चाकं फिरतात, एरवी ती मोकळी राहायला हवी.

क्लच बेलच्या आत दोन छोटी बेअरिंग असतात. भरपूर उष्णता आणि भरपूर फेरे त्यांच्या वाट्याला येतात, आणि त्यांच्यात वंगण मुळातच थोडं असतं. धुताना डिग्रीझरमिश्रित पाणी तिथे शिरतं, उरलंसुरलं तेल घेऊन जातं आणि थोडं पाणी आत ठेवतं. बाहेरून हवा मारली तरी आतला ओलावा जाईलच याची खात्री नसते, आणि पावसाळ्यात तर नाहीच. मग बेअरिंग अडतं आणि बेल इंजिनबरोबर ओढली जाते, म्हणून पुढच्या वेळी इंजिन सुरू केलं की ट्रक आयडलवरच, म्हणजे थ्रॉटल न देताच, हळूहळू पुढे सरकू लागतो. पहिला संशय आयडलच्या स्क्रूवर जातो. पण इंजिन बंद करून एका हाताने फ्लायव्हील (बेलमागची जड चकती) धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने बेल फिरवून पाहा. चांगली बेल आवाज न करता मोकळी फिरते. पाणी प्यालेली बेल बोटाला बारीक खरखर देते आणि मध्येच अडते.

बेअरिंग काही महाग नसतं. वैताग आहे तो पुढच्या कामाचा. बेल उतरवायची म्हणजे इंजिन सैल करून मागे घ्यायचं. ते परत बसवताना बेल आणि तिला जोडलेला मोठा स्पर गिअर यांचा मेश, म्हणजे दात्यांमधलं अंतर, नव्याने जुळवायचा. दोन्हींच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालायची, इंजिन दाबून धरायचं, स्क्रू आवळायचे, पट्टी फिरवत बाहेर काढायची. तिच्यावर घड्या स्वच्छ उमटल्या आणि ती फाटली नाही, तर मेश बरोबर. मग एकेक स्क्रू काढून त्याला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावायचं, आणि तेवढ्यात इंजिन केसभर सरकलं तर पुन्हा पट्टीपासून सुरुवात. मेश घट्ट राहिला तर बेअरिंगवर ताण येतो, सैल राहिला तर स्परचे दाते जातात. अर्ध्या तासात ट्रक धुऊन झाला म्हणायचं आणि नंतरची संध्याकाळ यात घालवायची, हा हिशेब मला पटेना.

म्हणून आता कोरडी पद्धत. शेवटच्या फेरीनंतर टाकी रिकामी करतो आणि इंजिन उरलेलं इंधन जाळून आपोआप बंद पडू देतो. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) काढून आफ्टर-रन ऑइल, म्हणजे ट्रक ठेवताना इंजिनात घालायचं गंजरोधक तेल, त्याचे चार थेंब आत, दोन कार्ब्युरेटरमध्ये, आणि इंजिन काही फेरे फिरवून घेतो. इंधनातलं मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे ही पायरी कोणत्याही पद्धतीत टाळण्यासारखी नाही. पिस्टन वरच्या टोकाला अडकवून ठेवत नाही. अशा एबीसी प्रकारच्या इंजिनची स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) तिथे निमुळती असते, त्यामुळे पिस्टन तिथे घट्ट बसतो.

चॅसी कोमट असतानाच जाड थर आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडून काढतो, कारण गार झाला की तो घट्ट धरतो. इंजिन आणि पाइप गार झाले की मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. खाली ट्रे ठेवून स्प्रेने थोडं थोडं मारायचं आणि रंगाच्या एक इंची ब्रशने खालच्या दिशेने ओढायचं. बेअरिंगवर स्प्रे नको, तिथे स्पिरिटात भिजवलेलं फडकं पुरतं. हवा मारताना नळी बेअरिंगच्या तोंडावर धरू नका, धूळ आत ढकलली जाते. हे सगळं उघड्यावर, आणि आसपास विस्तव नको. मिथेनॉलची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही.

कोरड्या पद्धतीत कोपरे तितके लख्ख निघत नाहीत, हे मान्य करायला हवं. शॉकच्या मागे थोडी काजळी राहतेच. स्पिरिटचा खर्चही पाण्यापेक्षा जास्त. पण ही पद्धत धरल्यापासून आयडलवर सरकण्याचा त्रास मला जवळपास झालेला नाही, आणि बेअरिंग बदलणं मी साधारण क्लच शूजबरोबरच करतो. तुमची माती आणि हवा वेगळी असेल तर अनुभव थोडा वेगळा येऊ शकतो. शिवाय ब्रश फिरवताना सैल झालेला पाइपचा स्प्रिंग किंवा चिरलेला सिलिकॉन कपलर (इंजिन आणि पाइप जोडणारी नळी) आपसूक नजरेत येतो. कपलर गळत असेल तर चॅसीवर तेल दुप्पट बसतं, आणि मग कोणतीही सफाई अपुरी पडते.

एअर फिल्टरचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. फोम काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत चोळा. इथे आळस केला तर बारीक धूळ थेट स्लीव्हवर जाते.

पाणी मी पूर्ण सोडलेलं नाही. बॉडी, स्किड प्लेट आणि चाकं ट्रकपासून वेगळी करून साबणाने धुतो. चाकं धुण्याआधी रिमवरच्या हवेच्या भोकांना टेप लावा. टायरच्या आतला फोम भिजला तर दिवसच्या दिवस वाळत नाही, आणि तेच चाक वेगात असताना ट्रक थरथरवतं.