भागीदारी, एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड? बेळगाव सीमाभागातल्या छोट्या धंद्यासाठी तुलना

साध्या भागीदारीत धंदा बुडाला तर घेणेकरी भागीदाराच्या घरापर्यंत आणि शेताच्या उताऱ्यापर्यंत पोचू शकतो. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनीमध्ये तो सहसा धंद्यात घातलेल्या भांडवलापाशी थांबतो. एवढ्या एका संरक्षणासाठी दरवर्षी फॉर्म, सह्या, हिशेबतपासणी आणि सीएची फी भरावी लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पुरवणाऱ्याला ते संरक्षण हवंच असतं, कारण माल सदोष निघाला की एका ऑर्डरची भरपाई वर्षभराचा नफा खाऊ शकते. बेळगावच्याच शहापुरात रोखीने साड्या विकणाऱ्या एकट्या दुकानदाराला त्याची गरज क्वचितच पडते.

हे संरक्षण कुठे संपतं ते आधी पाहावं. कर्ज देताना बँक संचालकांची किंवा भागीदारांची वैयक्तिक हमी घेते, आणि त्या सहीनंतर निदान बँकेपुरतं तरी घर पुन्हा धोक्यात येतं. कंपनीचा चेक वटला नाही तर कारभार पाहणाऱ्या संचालकावर फौजदारी तक्रार होऊ शकते. प्रायव्हेट कंपनीचा थकलेला जीएसटी संचालकाकडून वसूल होऊ शकतो. आपल्याकडून ढोबळ हलगर्जी झाली नाही हे त्याला सिद्ध करावं लागतं. फसवणूक केली असेल तर कोणताच प्रकार वाचवत नाही. पुरवठादाराची उधारी, ग्राहकाचे भरपाईचे दावे, भाडेकरारातली देणी यांच्यापुरती मर्यादित जबाबदारी खरोखर उपयोगी पडते. तुमच्या धंद्यात ही देणी मोठी नसतील तर पुढचा खर्च करण्याआधी पुन्हा विचार करावा.

आधी राज्य, मग प्रकार

सीमाभागात नोंदणीचं कार्यालय कुठे दाखवायचं हा प्रश्न कंपनीच्या प्रकाराइतकाच महत्त्वाचा आहे. पत्ता बेळगाव, खानापूर किंवा निपाणीचा असेल तर कंपनी कर्नाटकच्या निबंधकांच्या, म्हणजे बेंगळुरूच्या कक्षेत येते. पत्ता शिनोळी किंवा कागलचा असेल तर पुणे. अर्ज दोन्हीकडे ऑनलाइनच होतो, त्यामुळे प्रवासाचा फरक नाही. फरक मुद्रांक शुल्कात आणि पुढच्या बदलात आहे. कंपनीचं कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं तर विशेष ठराव, वर्तमानपत्रातली जाहिरात आणि प्रादेशिक संचालकांची, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्यातल्या अधिकाऱ्याची, मंजुरी लागते. एलएलपीला हेच काम तुलनेने हलकं जातं. म्हणून जिथे खरोखर बसणार आहात तोच पत्ता द्यावा. शिनोळीत शेड घ्यायची म्हणून कंपनी महाराष्ट्रात काढण्याची गरज नसते. बेळगावची कंपनी तिथे कारखाना चालवू शकते, फक्त महाराष्ट्राचा वेगळा जीएसटी क्रमांक घ्यावा लागतो.

जीएसटीतच इथले बरेच धंदे अडकतात. वस्तू विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको, हे राज्यातल्या राज्यात खरं. बेळगावातून चंदगडच्या दुकानदाराला पहिलं पोतं विकलं की ती आंतरराज्य विक्री होते आणि नोंदणी सक्तीची होते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना आणि जॉबवर्कसारख्या (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम करण्याच्या) सेवांना २० लाखांपर्यंत सवलत आहे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने जीएसटी भरणाऱ्या, व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. कोल्हापूर, गडहिंग्लज हेच गिऱ्हाईक असेल तर कंपोझिशनचा विचार सोडूनच द्यावा. शिवाय बेळगावच्या २९ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून शिनोळीच्या २७ च्या क्रमांकावर स्वतःचाच माल पाठवला तरी तो करपात्र पुरवठा ठरतो. त्याचं बीजक करावं लागतं आणि किंमत ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागदही.

प्रकार समोरासमोर

साधी भागीदारी १९३२ च्या कायद्याने चालते. भागीदारी पत्र, मुद्रांक, पॅन, बँक खातं झालं की धंदा सुरू. फर्मची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या थकबाकीसाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. उधारीवर चालणाऱ्या व्यापाराला हे परवडणारं नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात नोंदणी करून घ्यावी. भागीदारीला एक मोठा फायदाही आहे: उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून कर भरण्याची योजना, म्हणजे रोखीवर ८ आणि डिजिटल जमेवर ६ टक्के, फर्मला मिळते. एलएलपीला आणि कंपनीला ती मिळत नाही. छोट्या व्यापाऱ्याने एलएलपीत जाण्याआधी हा आकडा मांडून पाहावा.

एलएलपी २००८ च्या कायद्याची. किमान दोन नियुक्त भागीदार (कायद्याच्या पूर्ततेला जबाबदार असलेले) लागतात आणि त्यातला एक तरी वर्षात १२० दिवस भारतात राहिलेला असावा. आतला कारभार एलएलपी करारात आपण ठरवू तसा चालतो. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्याशिवाय या कायद्याखाली हिशेबतपासणी सक्तीची नाही. दोन भावांच्या किंवा मित्रांच्या धंद्याला हा प्रकार बहुतेक वेळा पुरेसा असतो.

प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. तीच दोन माणसं दोन्ही भूमिका करू शकतात. किमान भांडवलाची अट २०१५ पासून नाही. पण एक रुपयाची विक्री नसली तरी हिशेबतपासणी दरवर्षी होतेच. त्याबदल्यात शेअर देऊन बाहेरचं भांडवल आणता येतं आणि मोठ्या कारखान्यांच्या पुरवठादार यादीत नाव लावणं सोपं जातं. एकच माणूस असेल तर एकल व्यक्ती कंपनी, म्हणजे ओपीसी. तिला एक वारस-नामित, म्हणजे मालकाच्या पश्चात कंपनी घेणारा माणूस, लागतो, आणि एका माणसाला अशी एकच कंपनी काढता येते. काजू, गूळ, भाजीपाला अशा शेतमालासाठी दहा किंवा अधिक शेतकरी एकत्र येत असतील तर यांपैकी काहीच न घेता उत्पादक कंपनीचा विचार करावा. तिला पाच संचालक लागतात.

कराचा हिशेब

लोक सहसा ‘एलएलपीला ३० टक्के, कंपनीला २२’ एवढंच ऐकून ठरवतात. खरा फरक मालक पैसा कसा काढतो यात आहे.

समजा धंद्यात पूर्णवेळ राबणाऱ्या दोघांचा मिळून नफा २० लाख आहे आणि दोघांना दुसरं उत्पन्न नाही. दर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीचे घेऊ. एलएलपीत भागीदारांना द्यायच्या मानधनावर मर्यादा आहे: नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के, उरलेल्यावर ६० टक्के. म्हणजे ५.४० अधिक ८.४० असे १३.८० लाख. उरलेल्या ६.२० लाखांवर उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे सुमारे १.९३ लाख कर. प्रत्येकाच्या वाट्याचे ६.९० लाख मानधन १२ लाखांच्या सवलतीत बसतं, नफ्याचा वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो. साध्या भागीदारीचा हिशेबही, ठरावीक टक्क्यांची योजना घेतली नाही तर, हाच. मात्र १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २०,००० च्या वर मानधन किंवा व्याज दिलं तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि तो विवरणपत्र भरून परत मागावा लागतो.

प्रायव्हेट लिमिटेडमध्ये दोघांना १० लाखांचा पगार दिला तर कंपनीचा नफा शून्य होतो आणि पगारावरही कर लागत नाही. पगार कामाच्या मानाने वाजवी हवा. काम न करणाऱ्या नातेवाइकाच्या नावे दाखवलेला पगार अधिकारी नाकारू शकतो. पण नफा यापेक्षा बराच वाढला आणि तो लाभांश म्हणून काढायचा ठरवलं तर कंपनीचा अधिभार-उपकरासह २५.१७ टक्के कर भरल्यावर भागधारकाला आपल्या स्लॅबप्रमाणे पुन्हा कर लागतो. सारांश असा की राबणारे मालक आणि धंद्यात परत गुंतणारा नफा असेल तर कंपनी स्वस्त. राबणारा एक आणि नुसतं भांडवल घालणारे तिघे असतील तर वाटा सरळ हाती देणारी एलएलपी बरी पडते.

नोंदणी: काय लागतं, कुठे अडतं

पहिलं पाऊल डिजिटल सही. प्रत्येक संचालकाला किंवा भागीदाराला ती स्वतंत्र घ्यावी लागते. सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात, कारण पॅनवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. सीमाभागात हे नेहमीचं आहे: शाळेचा दाखला मराठी, आधार कन्नडमधून इंग्रजीत उतरवलेलं, पॅन एजंटाने भरलेलं. आडनावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, जन्मतारीख, सगळं आधी दुरुस्त करून मगच पुढे जावं.

दुसरं, नाव. कंपनीसाठी स्पाइस प्लस या ऑनलाइन नोंदणी फॉर्मच्या पहिल्या भागात १,००० रुपये भरून दोन नावं देता येतात. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. एलएलपीसाठी रन-एलएलपी या नाव राखण्याच्या फॉर्ममध्ये शुल्क २०० आणि मुदत ९० दिवस. ‘बेळगाव काजू’ असं गाव आणि माल जोडून केलेलं नाव बहुधा फेटाळलं जातं. वेगळेपणा देणारा एक शब्द हवाच. नोंदलेला ट्रेडमार्क आधी तपासावा, मिठाई आणि चपलांच्या धंद्यात तर नक्कीच.

तिसरं, पत्त्याचा पुरावा: दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं वीजबिल, मालकाचं संमतिपत्र, भाडेकरार. हेस्कॉमचं बिल पुष्कळदा आजोबांच्याच नावावर असतं. मग वारसाचा उतारा जोडून हयात मालकाची संमती घ्यावी. कागद कन्नडमध्ये असतील तर इंग्रजी भाषांतर सोबत लावलं की हरकत निघत नाही. प्लॉट औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाचा असेल तर जुन्या मालकीतून कंपनीच्या नावावर नेण्यासाठी मंडळाची मंजुरी लागते, म्हणून तिथे आधी चौकशी करावी.

त्यानंतर कंपनीसाठी स्पाइस प्लसचा दुसरा भाग आणि सोबतचे फॉर्म, एलएलपीसाठी फिलिप फॉर्म. कंपनीचं अधिकृत भांडवल, म्हणजे जास्तीत जास्त जेवढ्याचे शेअर काढता येतात ती रक्कम, १५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राचं नोंदणी शुल्क शून्य, राज्याचं मुद्रांक शुल्क मात्र लागतं. एलएलपीचं शुल्क भांडवलावर: १ लाखापर्यंत ५००, ५ लाखांपर्यंत २,०००, १० लाखांपर्यंत ४,०००. पॅन आणि टॅन (टीडीएससाठीचा क्रमांक) दोन्हीकडे प्रमाणपत्राबरोबरच मिळतात. कर्नाटकात कंपनीच्या अर्जातच व्यवसाय कराची नोंदणीही होते.

एलएलपीचा करार नोंदणीनंतर ३० दिवसांत फॉर्म ३ मध्ये दाखल करावा लागतो. कार्यालय ज्या राज्यात आहे तिथलाच त्याचा मुद्रांक हवा. बेळगावच्या एलएलपीसाठी कोल्हापूरहून आणलेला स्टॅम्प पेपर चालत नाही. करार छापील नमुन्यावरून उतरवू नये. मानधनाची रक्कम किंवा ती काढायची पद्धत त्यात लिहिली नसेल तर वर दाखवलेली करवजावट मिळत नाही. भागीदार बाहेर पडला तर त्याच्या वाट्याची किंमत कशी ठरवायची, हे कलमही सगळ्यांचं जमतंय तोवरच लिहून घ्यावं.

कंपनीने ३० दिवसांत पहिला लेखापरीक्षक नेमावा आणि १८० दिवसांत आयएनसी-२०ए, म्हणजे धंदा सुरू केल्याच्या घोषणेचा फॉर्म, भरावा. त्याआधी शेअरचे पैसे ज्याच्या नावे शेअर आहेत त्याच्याच खात्यातून कंपनीच्या खात्यात आलेले हवेत. ते रोखीने भरले किंवा भावाच्या खात्यातून वळवले की फॉर्म भरताना पुरावा जुळत नाही. फॉर्म राहिला तर कंपनीला ५०,००० दंड, आणि संचालकांना दर दिवशी १,००० प्रमाणे वेगळा.

कार्यालयाबाहेर नाव आणि पत्त्याची पाटी कायद्याने लागते, आणि कर्नाटकच्या भाषाविषयक कायद्यानुसार पाटीवर ६० टक्के भाग कन्नड हवा. पाटी करायला टाकतानाच तशी करून घ्यावी.

दरवर्षीचं काम

एलएलपीला फॉर्म ११ ची (वार्षिक विवरण) मुदत ३० मे, फॉर्म ८ ची (हिशेब) ३० ऑक्टोबर. कंपनीला सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत, त्यानंतर ३० दिवसांत एओसी-४ (हिशेब) आणि ६० दिवसांत एमजीटी-७ए (वार्षिक विवरण). कंपनीच्या प्रत्येक उशिरा फॉर्मवर दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. सलग तीन वर्षं फॉर्म भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि ती अपात्रता इतर कंपन्यांमध्येही आड येते.

आणखी एक सवय कंपनीत चालत नाही. मित्राकडून हातउसने पैसे घेऊन धंद्यात घालणं ही भागीदारीतली रोजची गोष्ट. प्रायव्हेट कंपनीने ते घेतले तर बेकायदा ठेव ठरते. संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येतं, तेही ‘हे पैसे दुसऱ्याकडून उसने आणलेले नाहीत’ असं लेखी घेऊन. उलट दिशेने, म्हणजे कंपनीच्या खात्यातून संचालकाने घरखर्चाला उचल घेणं, कायद्याला सहसा मान्य नाही. ज्यांना गल्ला आणि खिसा वेगळा ठेवणं जमणार नाही त्यांनी प्रायव्हेट लिमिटेडच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

धंदा बंद पडला तरी नोंदणी आपोआप जात नाही. निबंधकांच्या यादीतून कंपनीचं नाव काढायला एसटीके-२ या अर्जाचे १०,००० रुपये आणि त्याआधीचे सगळे थकलेले फॉर्म भरावे लागतात. एलएलपी किमान वर्षभर बंद असेल तर फॉर्म २४ ने निघते. भागीदारीतून एलएलपीत किंवा कंपनीत रूपांतर नंतरही करता येतं. फर्मची कंपनी करताना सगळे भागीदार भागधारक झाले आणि पाच वर्षं निम्मे तरी शेअर त्यांच्याकडे राहिले तर, बाकीच्या अटी पाळून, भांडवली नफ्याचा कर लागत नाही. म्हणून पहिली ऑर्डर हाती येण्याआधीच कंपनी काढून ठेवण्याची घाई नको.