व्हिपल शस्त्रक्रिया: जवळचं रुग्णालय की दूरचं केंद्र?

स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ आहे, ती काढता येईल असं सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले आहेत, आणि आता ठरवायचंय कुठे जायचं. घराजवळच्या रुग्णालयात डॉक्टर ओळखीचे, पण गाठ काढण्याची ही व्हिपल शस्त्रक्रिया तिथे वर्षातून दोन-तीनदाच होते. दूरच्या केंद्रात ती दर आठवड्याला होते. मात्र तिथे प्रवास आहे, राहण्याची सोय बघायची आहे आणि माणसं अनोळखी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: जमत असेल तर दूर जा.

कारण ‘तिथले सर्जन जास्त हुशार’ एवढंच नाही. हाताच्या सवयीचा फरक पडतोच, पण खरी तफावत शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत दिसते.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर पुन्हा आतड्याला जोडतात. या तीन जोडांपैकी सर्वांत बेभरवशाचा स्वादुपिंडाचा. ग्रंथी मऊ असली तर टाका नीट धरत नाही आणि पाचक रस पोटात झिरपतो. ही गळती निष्णात सर्जनच्या हातूनही होते. हा रस कधीकधी जवळच्या रक्तवाहिनीची भिंत कुरतडतो. आठवडा-दहा दिवसांनी ड्रेनच्या, म्हणजे पोटातला द्रव बाहेर काढायला ठेवलेल्या नळीत थोडंसं रक्त दिसतं, थांबतं, आणि काही तासांनी मोठा रक्तस्राव होतो.

ते थोडंसं रक्त रात्री दोन वाजता कोण बघणार? हा प्रसंग नेहमी पाहणारी परिचारिका लगेच फोन उचलते. तातडीने सीटी होतो, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून नळी घालून फुटणारी वाहिनी आतूनच बंद करतो. जिथे ही सोय फक्त दिवसा आहे किंवा मुळीच नाही, तिथे तोच रुग्ण पुन्हा ऑपरेशन टेबलावर जातो, आणि तोवर बराच वेळ गेलेला असतो. अमेरिकेतल्या अभ्यासांत मोठ्या शस्त्रक्रियांबाबत हेच दिसलं: गुंतागुंतीच्या प्रमाणात कमी आणि जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत फारसा फरक नव्हता, गुंतागुंत झाल्यावर रुग्ण वाचण्यात मात्र मोठा होता.

मेडिकेअर या अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विमा योजनेतल्या रुग्णांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वर्षाला सरासरी एकाहून कमी स्वादुपिंड शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण 16.3 टक्के होतं. वर्षाला 16 पेक्षा जास्त होणाऱ्या ठिकाणी 3.8 टक्के. आकडे जुने आहेत, आता सगळीकडेच स्थिती सुधारली आहे, पण अंतर पुढच्या अभ्यासांतही दिसत राहिलं. नेदरलँड्समध्ये तर वर्षाला किमान 20 शस्त्रक्रियांची अट आहे. तिथल्याच 2022 च्या एका चाचणीत गुंतागुंत लवकर ओळखण्याची ठरावीक पद्धत लावल्यावर 90 दिवसांतले मृत्यू 5 टक्क्यांवरून 3 वर आले. म्हणजे लक्ष ठेवण्याची शिस्तच जीव वाचवते.

जवळच्या रुग्णालयाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. सरासरी म्हणजे प्रत्येक रुग्णालय नव्हे. आधी मोठ्या केंद्रात वर्षानुवर्षं काम केलेले सर्जन, चोवीस तास आयसीयू आणि रेडिओलॉजी असलेलं मध्यम रुग्णालय चांगला निकाल देऊ शकतं. शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी तर बहुधा घराजवळच घेतलेली बरी. आणि घरी परतल्यावर ताप आला किंवा उलट्या सुरू झाल्या तर धावायला जवळचं रुग्णालयच लागतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांना आधीपासून विश्वासात घ्या.

दोन्हीकडे हेच विचारा: गेल्या वर्षी किती व्हिपल झाल्या, त्यातल्या तुम्ही स्वतः किती केल्या? 30 नव्हे, 90 दिवसांतले मृत्यू किती? रात्री रक्तस्राव झाला तर कोण येतं, किती वेळात? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

एक गोष्ट घाईत होते. कावीळ आहे म्हणून दूरच्या केंद्राचा सल्ला घेण्याआधीच स्टेंट, म्हणजे गाठीने दाबलेली पित्तनलिका मोकळी ठेवणारी नळी, टाकला जातो. थंडीताप, म्हणजे पित्तमार्गात संसर्ग झाला असेल, कावीळ फार वाढली असेल किंवा शस्त्रक्रियेला उशीर होणार असेल तर तो लागतोच, आणि संसर्गात थांबायचं नसतं. पण शस्त्रक्रिया लवकर होणार असताना सरसकट स्टेंट टाकल्याने गुंतागुंत वाढते, हे 2010 च्या डच चाचणीत स्पष्ट झालं. म्हणून सीटीची सीडी आधी त्या केंद्राकडे पाठवा, आणि स्टेंटचं काय करायचं हेही त्यांनाच विचारा.