आदोळीवर बसता येतं का? गुडघ्याला अक्युपंक्चर, नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत एका सकाळी आदोळीवर, म्हणजे खोवणीच्या विळीवर, नारळ खोवायला बसले आणि उठताच येईना. एक पाय दुमडलेला, हातात अर्धी कवड. शेवटी सुनेला हाक मारली. वय ५६, शिक्षिका, राहायला फोंड्याजवळ. वजन विचारू नका.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, झीज आहे, पण ऑपरेशनची वेळ आलेली नाही. वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा. व्यायाम चार दिवस केले, दुखायला लागलं, सोडले. गोळ्यांनी पोटात आग पडायची. मग शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सुयांचं, म्हणजे अक्युपंक्चरचं, सुचवलं. शेजारीण म्हणाली, "सुयो तोपून दूख वता?" सुया टोचून कुठे दुखणं जातं? मलाही तेच वाटत होतं, पण गेले.

पहिल्या दिवशी तळहाताला घाम सुटला होता. सुई पाहिली तेव्हा हसू आलं. इंजेक्शनच्या सुईशी तिचं काही नातं नाही. ती पाव मिलिमीटर जाडीची, आतून भरीव आणि लवचीक असते. बारीक प्लास्टिकच्या नळीतून ती त्वचेवर टेकवतात आणि वरून बोटाने टकटक करतात. टोचल्याचं जेमतेम कळतं. खरी गंमत त्यानंतर. तिथली डॉक्टर मुलगी सुई किंचित फिरवायची आणि म्हणायची, "बाई, आता जड वाटेल." आणि खरंच आतून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं बोथट, जड काहीतरी पोटरीतून खाली उतरायचं. चिनी लोक त्याला 'देची' म्हणतात. गुडघ्याच्या वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना खळगे असतात, त्यांना त्यांच्याकडे 'गुडघ्याचे डोळे' म्हणतात. तिथे दोन सुया. चार बोटं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणखी एक, ती जागा त्सूसान्ली. पुढच्या सिटिंगना सुयांना चिमटे लावून बारीक करंट द्यायची, तेव्हा पोटरी आपोआप टुकटुक उडायची. पेसमेकर असेल तर हा करंट घेत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुई लावण्याआधीच सांगायचं. मला दोन्ही विचारलं गेलं, तिथे माझा विश्वास बसला.

भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो होता. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, हे आम्ही शाळेत शिकवतो. पण त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे ही विद्या शिकून कोलकात्याला घेऊन आले, हे मला तिथे पडल्या पडल्या कळलं.

पहिल्या तीन सिटिंगना काहीही फरक नाही. एकदा तर संध्याकाळी जास्तच ठणकलं. पाचव्यानंतर रात्री कूस बदलताना जाग येणं थांबलं. दहाव्याच्या सुमारास ध्यानात आलं की सोडलेले मांडीचे व्यायाम मी पुन्हा करतेय आणि ते सोसतायत. आठवड्यातून दोनदा असे चार आठवडे, मग एकदा असे सहा, आणि चतुर्थीआधी दोन. एकूण सोळा. दर सिटिंगला ६०० रुपये, म्हणजे ९,६०० गेले. जिने उतरताना अजून कठड्याला हात लागतोच.

आता तक्रार. नवव्या वेळी घरी येऊन साडी बदलताना पोटरीला काहीतरी खुपलं, बघते तर सुई तशीच! रक्त आलं नाही, पण मी संतापले. फोन केला तर माफी मागितली. तेव्हापासून लावलेल्या सुया मी स्वतः मोजायचे आणि काढताना पुन्हा मोजायचे. पाकीट समोर फोडायला लावायचे ते वेगळंच. दुसरं म्हणजे तिथल्या पत्रकात मधुमेहापासून थायरॉइडपर्यंत सगळं बरं होतं असं लिहिलेलं. शेजारणीला मी बजावून सांगितलं, साखरेची गोळी बंद केलीस तर माझ्याशी गाठ आहे.

लेक फार्मसीत आहे. तिने एक जर्मन अभ्यास वाचून दाखवला, २००६ चा, गुडघेदुखीच्या हजारएक रुग्णांचा. खऱ्या जागी सुया घेतलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना बरं वाटलं, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारावर २९ टक्क्यांना. म्हणजे सुया घेतलेल्यांना फायदा झाला, पण जागेचं महत्त्व फारसं दिसलं नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर झिजेच्या गुडघेदुखीला अक्युपंक्चर देऊ नका असंच आहे. लेक म्हणाली, "आई, अर्धा तास कुणी तुला हलू दिलं नाही, त्याचाच गुण असेल." असेलही. घरात तेवढा वेळ मला कोण पडू देतं? झीज भरून आली असं मी म्हणणार नाही, वाटी अजून कुरकुरते. पण दुखणं इतकं तरी उतरलं की व्यायामाला जागा झाली, आणि मला वाटतं पुढचं काम मांडीने केलं. जून-जुलैत मी व्यायामाला दांडी मारली तेव्हा गुडघ्याने लगेच कळवलं, म्हणून तर चतुर्थीआधीच्या त्या दोन.

चतुर्थीला फुगडीत दोन फेर धरले, तिसऱ्याला बाजूला झाले. दिवाळीच्या फोवांना, म्हणजे पोह्यांना, आमच्याकडे पाच नारळ लागतात. यंदा तीन मी खोवले, आदोळीवर बसून. दोन सुनेने. उठताना भिंत धरली, हाक मारली नाही.