‘किंग्जव्हिल’ची म्हणून विकलेली बुलस्नेकची जोडी

अमेरिकेत राहून साप पाळणाऱ्या आणि बुलस्नेकची पिल्लं काढायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. ‘आईबाप दोघेही रानातून पकडलेले, टेक्ससच्या क्लेबर्ग कौंटीतले’ असं सांगून मला एक जोडी विकली गेली. (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. किंग्जव्हिल हे क्लेबर्ग कौंटीतलंच गाव.) ती तिथली नव्हती. हे कळलं तेव्हा त्या जोडीला स्वतःची पिल्लं झाली होती. (भारतातल्या वाचकांनी यावरून साप पाळायचा विचार मनात आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिथे आपले देशी साप घरी ठेवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.)

बुलस्नेक हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ पट्ट्यातला बिनविषारी साप. कॅनडातल्या आल्बर्टा-सस्कॅचेवनपासून टेक्सस ओलांडून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत तो आढळतो. लांबी साधारण चार ते सहा फूट, खाणं मुख्यतः उंदीर आणि गोफर (बिळात राहणारा, उंदरासारखाच कुरतडणारा प्राणी). चिडला की असा फुत्कारतो की घोणस आठवावी. श्वासनलिकेच्या तोंडाशी कूर्चेचा एक पडदा असतो, तो हवेने थरथरतो आणि आवाज मोठा होतो. वर शेपूट वाळक्या पाल्यावर आपटतो. त्यामुळे रॅटलस्नेक समजून लोक त्याला नाहक मारतात. मला हा साप मनापासून आवडतो.

इतक्या मोठ्या प्रदेशात पसरलेला साप सगळीकडे एकसारखा कसा असेल? दक्षिण टेक्ससच्या किंग्जव्हिल भागातल्या बुलस्नेकवर तांबूस झाक असते. इलिनॉयच्या कँककी भागातले, नेब्रास्काच्या सँडहिल्समधले, असे वेगवेगळ्या ठिकाणचे साप जपणारे लोक आहेत. याला सगळे ‘लोकॅलिटी’ म्हणतात. एका गावच्या सापांची रेघ, म्हणजे वंश, दुसरीकडच्या सापांशी न मिसळता पुढे न्यायची, एवढाच त्यामागचा हेतू. साध्या पिल्लापेक्षा अशा पिल्लाला बरेच जास्त पैसे पडतात. पण ठिकाण काही सापाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. रंग एकाच पोटच्या पिल्लांतही कमीजास्त होतो. म्हणजे आपण पैसे मोजतो ते विकणाऱ्याच्या शब्दासाठी, आणि नेमक्या त्याच जागी ही फसवणूक होते.

विकणारा दुसऱ्या राज्यातला होता. रेप्टाइल शोमध्ये (सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्री-प्रदर्शनात) त्याचं टेबल असायचं, बोलायला नम्र, सापांची माहिती पक्की. किंग्जव्हिलबाहेरच्या रस्त्यावर रात्री सापडलेली मादी आणि नर, त्यांची पहिलीच वीण, असं त्याने सांगितलं. मादीचा फोटोही दिला : तांबूस, जाडजूड, मानेवर एका बाजूला जुन्या जखमेचा व्रण. पैसे मात्र त्याने मित्र-नातेवाइकांना पाठवायच्या सोयीतून मागितले. फी वाचते, असं कारण दिलं. त्या सोयीतून गेलेल्या पैशांना गिऱ्हाईक म्हणून कसलंच संरक्षण नसतं, आणि फी वाचवण्यापेक्षा हेच त्याला हवं होतं, असं आता माझं ठाम मत आहे.

पिल्लं छान वाढली. थंडीत दोन-अडीच महिने दहा-बारा सेल्सियसला विश्रांती, मग भरपूर खाणं, मग जोडी लावणं, सगळं रीतीप्रमाणे झालं. जूनमध्ये मादीने अंडी घातली. ती इन्क्युबेटरमध्ये ओलसर व्हर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजावर) अठ्ठावीस अंशांच्या आसपास ठेवली. दोन महिन्यांनी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि त्यातून गुलाबी डोळ्यांचं पांढरट डोकं बाहेर आलं. अंगावर काळ्या रंगाचा ठिपका नाही, तपकिरी डागांच्या जागी फिकट नारिंगी. अकरा अंड्यांतली अशी तीन निघाली. अल्बिनो.

अल्बिनोपणाचं जनुक अप्रभावी असतं. ते आई आणि बाप दोघांकडून आलं तरच पिल्लू पांढरं होतं. माझी जोडी सख्खी भावंडं. म्हणजे दोघांतही ते जनुक लपलेलं होतं, आणि ते त्यांच्या आईबापांपैकी निदान एकाकडून आलेलं होतं. बाजारात अल्बिनो बुलस्नेक पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवले जातात. त्यांच्या साध्या दिसणाऱ्या भावंडांतही हे जनुक असू शकतं आणि ती स्वस्तात मिळतात. विकणाऱ्याला कळवलं तर तो म्हणाला, नशीबवान आहात, रानातलं नवं जनुक तुमच्या हाती लागलं, आता पिल्लांचा भाव वाढवा. हे अशक्य नाही. रानातही क्वचित अल्बिनो साप सापडतो. म्हणूनच हे उत्तर इतकं सोयीचं आहे.

मग मी तारखा विचारायला लागले. मादी कधी सापडली? एप्रिलच्या शेवटी. अंडी कधी? जूनच्या सुरुवातीला. नर? त्यावर त्याने बेसावधपणे लिहिलं, ‘जुलैत, मोठ्या पावसानंतर.’ जुलैत सापडलेला नर जूनमध्ये घातलेल्या अंड्यांचा बाप होऊच शकत नाही. हे दाखवल्यावर त्याने आधीच्या वर्षीचा जुलै असं सांगितलं, आणि त्यानंतर उत्तरं देणं बंद केलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पूर्ण खोटं न बोलणारेही हा गोंधळ करतात. बुलस्नेकचा समागम वसंतात होतो, अंडी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरात. मे महिन्यात रस्त्यावर सापडलेली मोठी मादी बहुधा आधीच गाभण असते. तिने घरी आणल्यावर अंडी घातली तर बाप रानातलाच कुणी नर, तो कुणी पाहिलेला नसतो. अशा पिल्लांना ‘गाभण पकडलेल्या मादीची’ म्हणावं. ती त्या ठिकाणची असतात, त्यात काही कमी नाही. पण सोबत कुठल्या तरी नराचा फोटो लावून ‘आईबाप दोघेही पकडलेले’ म्हणणं हे खोटंच.

दुसरा धागा परवान्याचा. टेक्ससमध्ये रस्त्याकडेचा साप पकडायला शिकारीचा परवाना लागतो, त्यावर सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांसाठीचा वेगळा स्टँप लागतो, अंगात चमकणारं जॅकेट लागतं. पकडलेला साप विकायचा तर त्याची परवानगी वेगळी. किंग्जव्हिलभोवती तर 1853 साली सुरू झालेलं, सव्वाआठ लाख एकरांचं किंग रँच पसरलेलं आहे. खाजगी जमिनीत मालकाच्या संमतीशिवाय पाऊल टाकता येत नाही. परवान्याचा क्रमांक मागितला तेव्हा ‘मित्राने पकडले होते’ असं उत्तर आलं. राज्याचा नियम मोडून पकडलेला प्राणी दुसऱ्या राज्यात विकला तर 1900 चा लेसी कायदा, म्हणजे बेकायदा पकडलेल्या वन्यजीवांच्या व्यापाराविरुद्धचा अमेरिकेचा केंद्रीय कायदाही लागू होतो. थोडक्यात, परवाना नसताना त्याची गोष्ट खरी मानली तर तो वन्यजीवांचा गुन्हा, आणि खोटी मानली तर माझी फसवणूक.

पक्का पुरावा मिळाला तो फोटोंतून. त्याच माणसाकडून जोडी घेतलेल्या एका बाईंशी ओळख झाली. त्यांची पिल्लं नेब्रास्काच्या सँडहिल्समधल्या चेरी कौंटीतली म्हणून विकलेली, त्याच वर्षी. त्यांनी आईचा फोटो पाठवला. बुलस्नेकच्या मानेवरचे डाग दोन सापांत तंतोतंत जुळत नाहीत. दोन्ही फोटोंत तिसरा आणि चौथा डाग डाव्या बाजूने एकमेकांना चिकटलेला होता आणि त्याच्या खाली तोच व्रण. एका फोटोत उजेड पिवळसर, म्हणून साप तांबूस दिसतो. दुसऱ्यात पांढरा, म्हणून फिकट. साप एकच. किंग्जव्हिल आणि सँडहिल्समध्ये हजारएक मैल अंतर आहे.

पैशांचं दुःख आहेच, पण ते कमी. माझ्या आधी त्याच्याकडून जोड्या घेऊन, पूर्ण विश्वासाने, ‘क्लेबर्ग कौंटी’ म्हणून पुढे पिल्लं विकणारे लोक आहेत. ती रेघ आता कुणालाही निस्तरता येणार नाही. एकदा मिसळलेलं वेगळं काढता येत नाही. मी माझी पिल्लं नुसती बुलस्नेक म्हणून, ठिकाण न लावता दिली आणि कारणही लिहून दिलं. एका ओळखीच्यांनी सुचवलं की टेक्ससला नेऊन सोडून दे. असं कुणीही, कधीही करू नये. पिंजऱ्यात वाढलेल्या सापासोबत रोग रानात जातात. क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परोपजीवीवर खात्रीचा उपचार नाही, आणि भलत्या वंशाचं रक्त तिथल्या सापांत मिसळतं ते वेगळंच.

आता कुणी अशी जोडी देऊ केली तर मी पैशांआधी नर-मादी कधी आणि कोणत्या रस्त्यावर सापडले ते वेगवेगळं विचारते, अंडी घातल्याची आणि फुटल्याची तारीख मागते, पकडणाऱ्याच्या परवान्याची प्रत मागते, आणि फोटो कापलेला नको, फोनमधून आला तसाच हवा म्हणून सांगते. रानातून आलेल्या मोठ्या सापाची विष्ठा तपासून घेतल्याचा कागद खऱ्या माणसाकडे बहुधा असतो, कारण अशा सापांत बहुतेकदा जंत असतात. खरा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलून बोलतो. ज्याला राग येतो त्याच्याकडून मी घेत नाही.

त्या मादीचे दोन्ही फोटो मी जपून ठेवले आहेत. मानेच्या डावीकडे चिकटलेले दोन डाग आणि खाली व्रण, अशी आई दाखवून तुम्हाला कुठल्याही कौंटीच्या नावाने पिल्लं विकली गेली असतील तर मला कळवा, फोटो शेजारी ठेवून पाहू.