माउस डावीकडे: बटणे बदलून की न बदलता?

माउस कीबोर्डच्या डावीकडे ठेवायचा हे ठरले की खरा प्रश्न पुढेच असतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रायमरी बटन ‘राइट’ करायचे, म्हणजे मुख्य बटण तर्जनीखाली येते? की सेटिंगला हातच लावायचा नाही आणि मुख्य बटण मधल्या बोटाने दाबायचे? मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर हिशेब बघतो, त्यामुळे माझा अनुभव आकडे भरणाऱ्याचा. फोटो, डिझाइन करणाऱ्याला वेगळे वाटू शकेल.

डावीकडे नेण्याचा फायदा दोन्हीत सारखाच. हळदीचे सौदे सुरू झाले की पोत्यांची वजने, दर, हमाली, तोलाई, नुसते आकडेच आकडे. उजवा हात नंबर पॅडवर राहतो, डावा सेल निवडत जातो, कुठलाच हात उचलून पलीकडे न्यावा लागत नाही. उजव्या हाताच्या माणसानेही हे करून बघावे असे मला वाटते. स्मृती मानधना आमच्या सांगलीत वाढली. ती फलंदाजी डाव्या हाताने करते आणि गोलंदाजी उजव्या. हात कामावरून ठरवला तर काही बिघडत नाही.

बटणे बदलण्याच्या बाजूने बोलायचे तर तर्जनी मुळात चपळ. डबल क्लिक पहिल्या दिवसापासून जमते, बोट दुखत नाही. सवय नसलेला माणूस फक्त सेटिंग करतानाच अडखळतो. जुन्या माउस प्रॉपर्टीजच्या खिडकीत बटणे बदलण्याच्या चौकटीत टिक केली की बदल त्याच क्षणी लागू होतो, म्हणजे ‘ओके’सुद्धा लगेच दुसऱ्या बटणानेच दाबावे लागते.

माझे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. पेढीवर संगणक एक, लॉगिन एक आणि बसणारे आम्ही दोघे-तिघे. माझी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, अर्धवट झालेली असते, शेतकरी समोर उभा असतो आणि दिवाणजी म्हणतात, “जरा सरक रे, मागच्या आठवड्यातला दर बघू दे.” ते माउस हातात घेतात, फाइलवर क्लिक करतात, तर फाइलऐवजी मेनू उघडतो. परत दाबतात, परत मेनू. “अरे, ह्याला काय झालंय?” मग मी सेटिंग उघडून बटणे सरळ करायची, ते उठले की पुन्हा उलटी करायची. हंगामात हे दिवसभर चालते. त्यांना दोष देता येत नाही, आयुष्यभराची बोटांची सवय आहे ती.

त्यांच्यासाठी वेगळा माउस जोडूनही हे सुटत नाही, कारण विंडोजमध्ये ही अदलाबदल एकेका माउसपुरती नसते. त्या युजरच्या सगळ्या माउसना एकदम लागते. प्रत्येकाचे वेगळे युजर खाते काढले तर सुटते, पण गर्दीच्या वेळी लॉगिन बदलत बसायला सवड कुणाला? शिवाय बाहेर कुठे दुसऱ्याच्या मशीनवर बसलो की माझीच बोटे चुकायची.

न बदलण्याच्या पद्धतीत हा त्रासच नाही. आता आमच्याकडे दोन माउस जोडलेले असतात, उजवीकडे दिवाणजींचा, डावीकडे माझा. दोन्ही एकाच वेळी चालतात आणि कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

किंमत मोजते ते मधले बोट. सुरुवातीला डबल क्लिक फसते; माउस प्रॉपर्टीजमध्येच डबल क्लिकचा वेग कमी करून घ्यावा. लांबवर ड्रॅग करताना बोट अवघडते, त्यासाठी तिथेच क्लिकलॉक चालू करावे. बटण क्षणभर दाबून सोडले की पकड कायम राहते, पुन्हा दाबले की सुटते. मला याचा फार उपयोग झाला.

डावा हात माउसवर अडकला की कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही गैरसोयीचे होते, हे दोन्ही पद्धतींत आहे. उजवीकडच्या कंट्रोलबरोबर इन्सर्ट दाबले की कॉपी होते, शिफ्ट आणि इन्सर्टने पेस्ट. शिफ्ट आणि डिलीटने मजकूर कट होतो, पण फाइल निवडलेली असताना तेच दाबले तर ती रिसायकल बिनमध्ये न जाता कायमची पुसली जाते. तेवढे सांभाळा.

मशीन फक्त तुमचेच असेल आणि दिवसभर ड्रॅग करण्याचे काम असेल, तर बटणे जरूर बदला. माझा आग्रह नाही. दुकान, ऑफिस किंवा घरातल्या सगळ्यांचा मिळून एक संगणक असेल, तर मात्र मी न बदलता सवय करा असेच सांगेन.

खास डाव्या हाताच्या आकाराचे माउसही निघतात, लॉजिटेकचा लिफ्ट डाव्या हातासाठी मिळतो. पण तो उजव्या हातात नीट बसणार नाही आणि साध्या माउसपेक्षा बराच महाग पडतो. साधाच घ्या, फक्त दोन्ही बाजूंनी सारखा बघून घ्या. अंगठ्यासाठी डाव्या कडेला बटणे असलेला नको: डाव्या हातात ती करंगळी आणि अनामिकेखाली येतात, पकड घट्ट झाली की दाबली जातात, ब्राउझर मागच्या पानावर जातो आणि अर्धा भरलेला फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो.