आखलेलं शरीर की हलणारी बाहुली?

तिसरी-चौथीला शरीराचे अवयव इंग्रजीतून शिकवायचे आणि तेही कलेच्या तासाला जोडून, असं ठरवलं की फिरून फिरून दोनच गोष्टींवर येऊन थांबतो आपण. पोराला खाकी कागदावर उताणं झोपवून त्याच्या भोवतीनं खडू फिरवायचा आणि त्या आकृतीवर नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या, ही एक. पुठ्ठ्याचे तुकडे कापून, सांध्यांना दोरा ओवून बाहुली करायची, ही दुसरी. छापील तक्ता मी धरतच नाही. तो भिंतीला लागला की पंधरा दिवसांत जुन्या कॅलेंडरसारखा होतो, असतो पण दिसत नाही.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी दोन्ही प्रकार करून पाहिलेत. पट विसाच्या आसपास. साठ मुलांच्या वर्गाचं मी सांगू शकणार नाही, तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

पहिल्या दिवशीची मजा बघायची तर आखलेल्या आकृतीला तोड नाही. पोरगं उठून बाजूला होतं, खाली बघतं आणि “मी एवढो मोठो?” म्हणतं, तिथेच तुमचा अर्धा तास वसूल. चित्रकलेच्या अंगानंही ती उजवी. आमच्याकडची पोरं माणूस काढतात तो डोक्याचा भोपळा आणि त्यालाच फुटलेल्या दोन काड्या. आकृतीवर डोक्याएवढा दोरा धरून खालपर्यंत मोजायला लावलं, तर आमची पोरं सहा-साडेसहा डोक्यांत बसली. मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा भरतो. त्यानंतर त्यांच्या चित्रातल्या माणसांना धडं आली.

शरीराच्या आतलं दाखवायचं असेल तर प्रश्नच नाही, आकृतीच घ्या. ज्याची आकृती त्याच्याच मुठीएवढं हृदय कापायचं, डावं फुप्फुस जरा लहान ठेवायचं, यकृत उजवीकडे. मोठ्या माणसाचं लहान आतडं म्हणून सहा मीटर सुतळी व्हरांड्यात पसरली आणि मग तीच पोटात कोंबायला सांगितली. ती कोंबताना झालेली झटापट पोरं अजून सांगतात. बाहुलीच्या पोटात यातलं काही मावत नाही.

अडचणीही आहेत. जागा लागते, कागद लागतो, आणि चौथीतल्या मुली सगळ्यांसमोर झोपायला लाजतात. त्यांना आग्रह करू नये. यातून वाट निघते. माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच.

अडलं ‘हँड’च्या चिठ्ठीपाशी. आपला हात खांद्याला सुरू होतो तो बोटांच्या टोकाला संपतो. इंग्रजाचा हँड मनगटाशी सुरू होतो, वरचा सगळा आर्म. तीच गत पायाची, लेग वेगळा, फूट वेगळा. बोटांचंही तेच, हाताची असली तर फिंगर आणि पायाची असली तर टो. आखलेल्या आकृतीत खांद्यापासून बोटापर्यंत एकच सलग रेघ. तिथे पोरगं ‘हँड’ची चिठ्ठी कुठे लावणार? कोपराच्या आसपास, बरोबर मधोमध. हाताच्या मधोमध लावली, म्हणजे त्याच्या हिशेबानं बरोबरच! मी मनगटाशी तांबडी रेघ मारून दिली. त्या दिवशी चिठ्ठ्या रेघेच्या पुढे गेल्या. पुढच्या आठवड्यात नवी आकृती आखली, रेघ मारायचं विसरलो, आणि चिठ्ठ्या पुन्हा कोपराला. एकानं तर विचारलं, “सर, मगे आर्म खंय आसा?” ‘फूट’ची चिठ्ठी एका मुलीनं आकृतीशेजारच्या फूटपट्टीवर लावली होती. तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटेना, मापाचं ते नाव पावलावरूनच आलंय.

दोन वर्षं मी हे रेघेचं दुखणं काढलं. चिठ्ठ्या बदलल्या, रंग बदलले. शेवटी कंटाळून बाहुलीकडे वळलो.

बाहुलीत हा प्रश्न उभाच राहत नाही, कारण हात एक नसतोच. दंड, कोपराखालचा भाग आणि पंजा असे तीन तुकडे. वरचे दोन मिळून आर्म, शेवटचा हँड. पंजा एवढासा दिसतो, पण मोठ्या माणसाच्या अंगातल्या २०६ हाडांपैकी मनगटासकट एकेका पंजात २७ असतात, तेव्हा त्याला स्वतंत्र तुकडा देण्यात काही अन्याय नाही. एकदा सकाळी एक पोरगा बाहुली घेऊन आला, “सर, हँड हरवलो.” बघतो तर दंड आहे, कोपर आहे, फक्त पंजा नाही. हे काही मोजमाप नव्हे, पण मला पुरलं.

दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता. दोऱ्यावरचा गुडघा दोन्हीकडे वळतो. ‘बेंड युअर नी’ म्हटल्यावर एकीनं बाहुलीचा पाय गुडघ्यातून पुढे दुमडला आणि वर्ग हसला. मग प्रत्येकानं उभं राहून आपला गुडघा पुढे वळतो का ते करून पाहिलं. बिजागरीचा सांधा मला फळ्यावर काढायची गरज पडली नाही. हुकूम सोडायचा आणि अंगानं करून दाखवायचं, ही भाषा शिकवायची रीत जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं साठच्या दशकात मांडली. इथे हुकूम आधी बाहुली पाळते, मग पोरगं. लाजरी मुलंही बाहुलीच्या आडून बोलतात. शिवाय आमच्या भागात पिंगुळीच्या ठाकरांची कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहुली म्हणजे काय हे इथे कुणाला समजावावं लागत नाही.

बाहुलीचे दोषही सांगतो. खांद्याचा उखळीचा सांधा सपाट पुठ्ठ्यात येत नाही, हात फक्त चक्रासारखा फिरतो. गाठी सुटतात. आमच्या पावसात पुठ्ठा पापडासारखा सादळतो, म्हणून हा उद्योग दिवाळीनंतरच काढावा. आणि काही शब्द दोन्हीकडे सारखेच छळतात. मांडीला थाय म्हणायचं, पण बाळ मांडीवर घेतलं की तीच लॅप. पोटरी म्हणजे काफ आणि वासरूही काफच, यावर पोरांचा अजून विश्वास नाही.

तेव्हा पाचवीच्या पुढचा वर्ग असेल, पचन-श्वसन शिकवायचं असेल, व्हरांडा ऐसपैस असेल, तर आकृती आखा, माझी ना नाही. मीही वर्षातून एकदा, सुतळीच्या आतड्यासाठी म्हणून, आखतोच. पण इंग्रजी शब्द तोंडी बसवायचे असतील आणि वर्ग लहान असेल, तर मला विचाराल तर बाहुली.

पुठ्ठा विकत आणू नका. लग्नपत्रिका चांगल्या, फक्त गुळगुळीत चकचकीत नकोत, त्यांवर खडूचा रंग धरत नाही. मे महिन्यात गावभर सांगून ठेवलं की जूनपर्यंत पिशवीभर जमतात, त्या कोरड्या डब्यात ठेवा. आणि कापायच्या आधी गणपतीचं चित्र असलेला भाग काढून बाजूला ठेवा. आमच्या एका बाहुलीच्या नेमक्या तळपायाला गणपती आला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराची आजी शाळेच्या दारात उभी.